डोलणारी होडी

चिंचपाड्याजवळ मगनच्या पंक्चरच्या दुकानात मी टायर लावून घेत होतो. तेवढ्यात एक जीप येऊन थांबली. तिच्या मागे ट्रेलरवर शिडाची होडी होती. नवराबायको उतरले. नवरा मगनला म्हणाला,

"दादा, ट्रेलरची हवा बघा. उतारावर फार डोलला."

"ट्रकला घासता घासता वाचलो आपण. मी नाही आता या गाडीत बसत."

"रंजिता, जरा थांब."

"हवा बरोबर शे, साहेब. नावमा काय काय शे?"

"इंजिन, लोखंडी नांगर, पाण्याचे कॅन. सगळं मागच्या बाजूला."

"मंग गाडी उलाळ व्हयनी. बैलगाडीमा मागे वजन पडनं का जू वर उचलास. तुम्हना ट्रेलर जीपले तशीच मागून उचली ऱ्हायना. सामान पुढे ल्या. नाव बी वीतभर पुढे सरकाडा."

मगन आणि त्या दोघांनी सामान पुढे घेतलं, होडी सरकवली, पट्टे आवळले.

"आते ट्रेलरना दांडा उचली पहा."

"जड लागतोय."

"तसाच पाहिजे. अन् डोलना तं वेग वाढाडू नका, पाय काढी ल्या."

"मी वाढवला होता."

"मला माहीत आहे. किल्ली द्या. सारंगखेड्यापर्यंत मी चालवते."

"मग मी पुढे बसतो."

"मागे बसा. पट्ट्यांवर लक्ष ठेवा."