ऑटर्सनी कॉन्फरन्स बदलावी का

…नाही, पण मी म्हणतो, मीच का? दोन हजार ग्रॅज्युएट स्टुडंट त्या युनिव्हर्सिटीत, त्यातले निम्मे तरी पाळण्यातून बास्केटबॉल बघत आलेले, आणि कमिटीवर कोण? तर धम्मदीप मेश्राम, राहणार नागपूर, ज्याने आयुष्यात बास्केटबॉलला एकदाच हात लावला, तोही पीटीच्या सरांनी "हा स्टोअररूममध्ये टाकून ये" म्हटलं म्हणून. तुम्हाला सांगतो, पत्र आलं, वाचलं, फ्रिजवर चिकटवलं, कुकर लावला. मला काही वाटलं नाही.

आता कमिटी कशाची, ते ऐका. दोन हजार सहाचा जानेवारी, मिनेसोटाचं अगदी वरचं टोक, गावात बघण्यासारख्या गोष्टी दोन, एक गोठलेलं तळं आणि दुसरी आमची टीम, ऑटर्स. ऑटर म्हणजे पाणमांजर. वाघ-सिंह सोडून पाणमांजर का, ते मला विचारू नका, कमिटीत असून मलाही कोणी सांगितलं नाही. तर हे ऑटर्स ज्या कॉन्फरन्समध्ये खेळायचे ती म्हणजे आसपासच्या आठ कॉलेजांचा गट. आपल्या तालुक्यातल्या शाळा कशा दरवर्षी एकमेकींशीच कबड्डी खेळतात, कोणाच्या बापाने कोणत्या साली पंचाला शिव्या दिल्या हे सगळ्यांना पाठ असतं, तसं. आठही कॉलेजं तीन तासांच्या ड्राइव्हवर. आणि आता एका मोठ्या कॉन्फरन्सचं बोलावणं आलेलं, टेक्सस, जॉर्जिया, फ्लोरिडा, विमानाने जा, टीव्हीवर दिसा. जावं की राहावं? अकरा माणसांची कमिटी. पाच म्हणतात जावं, पाच म्हणतात राहावं, आणि अकरावा मी, खिडकीशी बसून बर्फ बघतोय.

माझं नाव दिलं कोणी? मार्लिसने. मार्लिस म्हणजे आमच्या स्टॅटिस्टिक्स डिपार्टमेंटची सेक्रेटरी, वय बासष्ट, स्वेटरवर पाणमांजर, कपावर पाणमांजर, आणि डिपार्टमेंटमधल्या प्रत्येक परदेशी पोराचा व्हिसा कधी संपतो हे तिला त्या पोराआधी माहीत. मला म्हणाली, "दीप," धम्मदीप तिला झेपत नाही, "दीप, तू तीन महिने खोलीतून बाहेर पडलेला नाहीस. कमिटीवर जा. चार माणसं भेटतील, डोनट मिळतील."

तीन महिने का, तर ऑक्टोबरात आमचे बाबा गेले. राजाराम मेश्राम, वीज मंडळात क्लार्क, आणि कॉलनीतल्या वाचनालयाचे बावीस वर्षं सेक्रेटरी. विनयचा फोन आला, माझा मोठा भाऊ, म्हणाला, "येऊन काय करशील बे, दोन दिवस तुले पोचायलेच लागतीन, तवर सगळं आटपलं असन. अन् तुह्या व्हिसाचं लफडं आहे, अडकशीन तर डिग्री जाईन." बरोबर होतं त्याचं. मी म्हटलं ठीक आहे. कॉलिंग कार्डवर अजून एकवीस मिनिटं उरली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून त्याने मला तिथलं हवामान विचारलं, मी त्याला इथलं सांगितलं. फोन ठेवला. कपडे मशीनला लावायचे होते, लावले. मला काही वाटलं नाही. आता वाटेल, मग वाटेल, म्हणून मी वाट बघितली, बस यायची तशी. नाही आली.

तर कमिटी. पहिल्याच मीटिंगला डीन व्हिटकॉम, अध्यक्ष तेच, विचारतात, "मिनिट्स कोण लिहिणार?" मिनिट्स म्हणजे आपलं सभेचं इतिवृत्त. सगळे एकदम डोनटकडे बघायला लागले. मी डोनट घेतला नव्हता, सापडलो. मग काय, दर मंगळवारी नऊ वाजता, आमच्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, हे भांडतायत आणि मी लिहितोय. इतिहासाचे एक प्रोफेसर, ते राहावं पार्टीचे, डोळे मिटून बोलायचे, "एकोणीसशे एकतीस सालापासून… एकतीस सालापासून आपण शेजाऱ्यांशी हरत आलोय, हा वारसा आहे." आणि समोर एक माजी विद्यार्थी, ट्रॅक्टर विकतो, जावं पार्टीचा, टेबलावर हात आपटून, "अहो, टेक्ससमध्ये हरलो तर निदान टीव्हीवर हरू." बाहेर निघालो की दोघंही मला गाठायचे. प्रोफेसरांनी हरणाचं सुकवलेलं मांस दिलं, ट्रॅक्टरवाल्याने टोपी दिली. आता हातात काही ठेवणाऱ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी दोघांनाही म्हटलं, बघू. पाच मीटिंगा झाल्या. कोणी तसूभर हललं नाही. मला, सांगतो ना, ना इकडचं वाटलं ना तिकडचं.

मार्लिसने मात्र मत मागितलं नाही कधी. एकदाच, झेरॉक्स काढता काढता, तिने बसचं सांगितलं. ऑटर्सची मॅच बाहेरगावी असली की शनिवारी एक बस निघायची, चौदा म्हातारे-म्हाताऱ्या, थर्मास, स्वेटरं. सव्वीस वर्षं. चालवायचा तिचा नवरा, आर्नी. तो गेल्यावर दुसरा ड्रायव्हर ठेवला, आणि मार्लिस त्याच्या मागच्या सीटवर बसते, पूर्वी बसायची तिथेच. म्हणाली, "आठवडाभर मी बरी असते, कारण शनिवार येणार असतो." मग कागद जुळवले, स्टेपल केले, म्हणाली, "टेक्ससला काही बस जात नाही. पण तू तुझ्या मनाने मत दे हं." मला कळलं बरं का सगळं, डोक्याला कळलं. त्याच्या खाली काही उतरलं नाही.

आणि आता माझी चूक ऐका, ही चूक आपल्याच माणसाला जमू शकते. आमच्या बाबांची मिनिट्स लिहायची एक पद्धत होती. सभेच्या आदल्या दिवशी लिहायचे. पूर्ण. मला लहानपणी शेजारी बसवून शिकवलेलं, "बाबू, सभेत जे होते ते नाही लिहाचं. सभेत लोक चहा सांडतात, एकमेकाचा बाप काढतात, ते लिहून ठेवशीन तर वाचनालय बंद पडन. आदल्या दिवशी घरी बसून शांतीनं लिही. अध्यक्षाच्या मनात काय आहे ते पाय. सर्वानुमते लिही. सूचक लिही, अनुमोदक लिही. मंग सभेत वाचून दाखव, ज्याले नाही पटन तो बोलन, तितंच खोड." बावीस वर्षांत खोडायची वेळ तीनदा आली म्हणतात.

तर शेवटची मीटिंग, मतदानाची, फेब्रुवारीतला मंगळवार. सोमवारी दुपारी मी बसलो आणि लिहिलं. डीनच्या मनात जावं असं होतं, हे त्यांच्या टायवरून कळत होतं, टायवर विमानं होती. म्हणून लिहिलं, ऑटर्सनी नवीन कॉन्फरन्समध्ये जावं असा ठराव सविस्तर चर्चेनंतर सर्वानुमते मंजूर. सूचक, ट्रॅक्टरवाले. अनुमोदक कोणाला घालू? बाबा अशा वेळी स्वतःला घालायचे, मीही घातलं. अध्यक्षांनी आभार मानले, सभा संपली. आणि मंगळवारी सकाळी सातला सगळ्यांना ईमेल करून टाकलं, म्हटलं, आधी वाचून येतील, खोडायचं ते तिथे खोडतील. खूप दिवसांनी एक काम नीट झालं असं म्हणत मी निघालो.

बाहेर बर्फाचं वादळ. म्हणजे नुसता बर्फ नाही, समोरचा माणूस दिसत नाही असं, युनिव्हर्सिटी बंद, रस्ते बंद, हे रेडिओवर दर दहा मिनिटांनी सांगत होते म्हणे. माझ्याकडे रेडिओ कुठला? चालत गेलो. बिल्डिंगला कुलूप. मी पाऊण तास दाराशी उभा राहिलो. उणे सव्वीस. आधी पायाची बोटं गेली, मग कान. त्यांनाही काही वाटेना, म्हटलं चला, सोबत झाली. घरी आलो, झोपलो.

दुपारी उठून ईमेल उघडतो तर काय! पहिलं इतिहासाच्या प्रोफेसरांचं, "उत्तम मिनिट्स. मला वादळामुळे लवकर निघावं लागलं, क्षमस्व. बहुमताचा आदर करतो." निघावं लागलं? आलेच कुठे होते? दुसरं ट्रॅक्टरवाल्याचं, "चर्चा जोरदार झाली, मजा आली." तिसरीचं, "मी मागे बसले होते, कदाचित तुला दिसले नसेन." तुम्हाला सांगतो, मी सोडून दहाच्या दहा माणसं जिथल्या तिथे बर्फात अडकून बसलेली, ईमेलवरची वेळ कोणी बघितली नाही, आणि प्रत्येकाला वाटलं की मीटिंग आपल्याशिवाय झाली, आणि एकालाही कबूल करायचं नव्हतं की आपण गेलो नाही. डीन तर शिकागोच्या विमानतळावर अडकलेले. त्यांनी तिथून लिहिलं, "सर्वांचे आभार," आणि मिनिट्स तशीच वर पाठवून दिली, प्रेसिडेंटच्या ऑफिसात. गुरुवारी जाहीर. ऑटर्स चालले टेक्ससला. पेपरात मोठं छापून आलं, एकमताने.

गेलो मी, नाही असं नाही. शुक्रवारी डीनसमोर उभा राहिलो, म्हटलं, सर, ती मीटिंग झालीच नाही. डीननी चष्मा काढला, पुसला, घातला. "मिनिट्समध्ये मी हजर आहे?" म्हटलं, आहात. "मी आभार मानलेत?" मानलेत. मग छताकडे बघून म्हणाले, "दीप, खोटी मिनिट्स लिहिणं म्हणजे युनिव्हर्सिटीतून काढून टाकण्यासारखा गुन्हा आहे. आणि तू स्टुडंट व्हिसावर आहेस. तेव्हा मला वाटतं, मीटिंग झाली." मी म्हटलं, बरं. तिथेही मला, सांगितलं तर खोटं वाटेल, काहीच वाटलं नाही. नुसती भूक लागली.

फक्त डिपार्टमेंटमध्ये मी मार्लिसच्या टेबलावरून जायचं टाळायला लागलो, मागच्या जिन्याने. तिने मिनिट्स वाचली असणारच, फायलिंग तीच करते. अनुमोदक, धम्मदीप मेश्राम. दोन आठवडे गेले, आणि एक दिवस ती मागच्या जिन्यातच उभी. म्हणाली, "शनिवारी जुन्या कॉन्फरन्समधली शेवटची मॅच आहे. बस शेवटची. एक सीट रिकामी आहे." संपलं.

गेलो. तिच्या शेजारी बसलो. दोन तासांचा रस्ता, चौदा माणसं, कोणी मला एक शब्द वाकडा बोललं नाही, उलट अंड्याचं सँडविच दिलं, दोन दिली. मॅच झाली, चार पॉइंटनी हरलो. शिटी वाजल्यावर दोन्ही गावांची माणसं कोर्टवर उतरून हात मिळवायला लागली, पंचाहत्तर वर्षांचे शेजारी, म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडतायत, आणि मी मधोमध उभा, ट्रॅक्टरवाल्याने दिलेल्या त्या टोपीत. कोणीतरी माझेही हात हातात घेतले. मी म्हटलं, हो हो. काही नाही. लाकूड.

परत आल्यावर पार्किंगमध्ये मार्लिसची गाडी चालू होईना. मी म्हटलं, बसा, थोड्या वेळाने परत बघू. बसलो दोघं काचेवरचा बर्फ बघत. आणि मग मी बोललो. म्हटलं, मार्लिस, मला तुमची माफी मागायची आहे, ती मीटिंग…

"झाली नाही," ती म्हणाली. "माहितीये मला. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. त्या दिवशी माझ्या गराजचं दार गोठलं होतं, मी घरी, किल्ली पर्समध्ये. सभा काय जिन्यात भरली?"

म्हटलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? एक फोन केला असता तर बस राहिली असती.

ती म्हणाली, "एक फोन केला असता तर तू गेला असतास. तुझा बाप नुकताच गेलाय. त्यात डिग्री नसलेला घरी पाठवू तुला?" मग पुन्हा चावी फिरवली. "आणि ती मिनिट्स फार सुंदर लिहिली होतीस. इतक्या वर्षांत इतकी व्यवस्थित मिनिट्स मी बघितली नाहीत. कोणी शिकवलं तुला?"

म्हटलं, बाबांनी.

आणि तुम्हाला सांगतो, तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि माझं जे काही चार महिने गोठलं होतं ते सगळं तिथे, त्या पार्किंगमध्ये, सुटलं. मी लहान पोरासारखा रडलो, मला माझे बाबा हवे होते, दुसरं काही नाही. शेजारून बसमधली म्हातारी माणसं आपापल्या गाड्यांकडे चाललेली, प्रत्येकजण काचेवर टकटक करून जायचा, "रडू नको रे, चारच पॉइंटनी हरलो."

आता दोन वर्षं झाली. माझा पीएचडीचा डिफेन्स झाला, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, आणि ईडन प्रेरीला, तिथून चार तास खाली, नोकरी लागली. बस काही टेक्ससला जात नाही, मग मार्लिसला नेणार कोण? मीच. सीझन चालू झाला की महिन्यातून एका शुक्रवारी मार्लिसच्या गावी जायचं, तिला घ्यायचं, आणि ड्राइव्ह करायचं, जवळातली जवळ टीम, टेक्ससच्या बरीच अलीकडची, तीही अकरा तासांवर. बास्केटबॉलचे नियम मला अजून कळत नाहीत, ती उभी राहिली की मी उभा राहतो. मागच्या शनिवारी एकतीस पॉइंटनी हरलो. परत येताना आयोवात कुठेतरी, दोन्ही बाजूंना नुसती मक्याची रिकामी शेतं, मार्लिस थर्मासचं झाकण लावता लावता म्हणते, "काय रे दीप, हरायचंच होतं, तर जवळ हरत होतो ते काय वाईट होतं?"

आता बघा, किती साधा प्रश्न. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारायला पाहिजे होता. पण मीटिंग झालीच कुठे?