बाकावरचं काटेरी बोंड

इंग्लंडमध्ये डर्बीशरला, लोकांना बघायला खुल्या असलेल्या लॉर्डसाहेबांच्या हवेलीच्या बागेत, चहाच्या रांगेत, माझ्यामागे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"मॉड, आपल्या बाकावर ते सुकं काटेरी बोंड कुणी ठेवलं?"

"मी. जागा धरलीय."

"मिळालं कुठून?"

"वर हवेलीत, मखमली खुर्चीवर होतं."

"अगं, खुर्ची जुनी आहे. कुणी बसू नये म्हणून ठेवतात ते."

"माहीत आहे हो. म्हणून तर उचललं. बघा, इतकी गर्दी आहे, पण बसलंय का कुणी?"

"बाकाशेजारी कप घेऊन उभे आहेत, त्यांना ओळखलंस? खुद्द लॉर्डसाहेब."

"असू देत."

"बाग त्यांची, बाक त्यांचा, बोंडसुद्धा त्यांचंच."

"म्हणूनच मुकाट्याने उभे आहेत. त्या घरात लहानाचे मोठे झाले, बिचाऱ्यांना सवय आहे."