फाळक्यावरची थाप

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहेत त्यांनीही पुढं या. सतरंजीवर जागा आहे.

मला बोलायला सांगितलं आहे. मी दुकानदार माणूस. नेकनूरच्या बाजारात किराणा विकतो. गावच्या शाळेत जेवढं शिकवलं तेवढं शिकलो. माईकसमोर कधी उभा राहिलो नाही, आणि उभं राहायची पहिली वेळ अशी यावी, हे अवघड आहे. ज्यांच्याबद्दल बोलायचं ते माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. तुम्ही त्यांना शिवलिंगअप्पा म्हणत होता. मांजरसुंब्याच्या चौकातले ट्रान्सपोर्टवाले अप्पा.

बुधवारी दुपारी त्यांनी लातूरची गाडी सोडली. आत येऊन खुर्चीत बसले. पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत शिवैक्य झाले. गुरुवारी आपण सगळ्यांनी मिळून त्यांना त्यांच्याच शेतात समाधी दिली. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हातानं माती दिली. ते आमच्या घरचं कुणी विसरणार नाही.

बोलता बोलता मी थांबलो तर सांभाळून घ्या. पण मी थांबणार नाही बहुतेक. कारण मी आज फक्त आठवणी सांगायला उभा नाही. दाजींचं एक काम राहिलं आहे. ते आज संध्याकाळच्या आत व्हायला हवं.

दाजींची थाप तुम्हाला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रक भरून झाला, ताडपत्री ओढली, रस्सी आवळली, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, ड्रायव्हरच्या हातात दिली, की दाजी ऑफिसातून उठायचे. गाडीभोवती एक चक्कर मारायचे. कपाळाची थोडी विभूती बोटावर घेऊन बोनेटला लावायचे. मग मागं येऊन फाळक्यावर, म्हणजे ट्रकच्या मागच्या झडपेवर, दोन थापा मारायचे, आणि म्हणायचे, "चल, सोड!" त्या दोन थापांशिवाय त्यांच्या ऑफिससमोरून एकही गाडी हलली नाही. ते आपले ड्रायव्हर रशीदभाई समोर बसलेत, विचारा त्यांना. एकदा दाजी जेवायला घरी गेले होते आणि हमाल रशीदभाईंना म्हणाले, जा की, कागद तर झालेत. रशीदभाई म्हणाले, "कागज से गाडी नहीं चलती मेरी. अप्पा को आने दो." आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपले. दाजी आले तेव्हा घोरत होते! हसा, हसा. दाजींनाही ही गोष्ट सांगताना हसूच यायचं.

या दाजींचा एकुलता एक मुलगा महेश. माझा भाचा. विमान चालवायचं म्हणाला. आपल्या भागात हे कुणी म्हटलं नव्हतं. पण तो काळच तसा आला होता. नव्या नव्या विमान कंपन्या निघत होत्या, पेपरात रोज त्यांच्या जाहिराती. महेश नागपूरला शिकला, लायसन घेऊन आला. आणि तो येईपर्यंत त्यातल्या काही कंपन्या बंदही पडल्या! एकीनं मुलाखतीला बोलावलं आणि नको म्हणाली. दुसरीनं घेतो म्हणून सांगितलं आणि तिचीच विमानं जमिनीवर बसली. महेश घरी आला. बापाच्या ऑफिसात बसून बिल्ट्या लिहायला लागला.

लोक काय म्हणत होते, ते मी दुकानात ऐकत होतो. तुम्हीही ऐकलं असेल. काही म्हणणारे आज इथं बसलेही असतील, असू द्या. मलाही काळजी वाटत होती. मी एकदा विचारलं, "दाजी, पोराचं वय चाललंय. दुसरं काही बघायचं का?"

दाजी म्हणाले, "कावून? माल गोदामात थांबला म्हणजे हरवला का? गाडी लागली की जाईल."

बस. एवढंच. पुन्हा आपले कामाला. त्यांचा विश्वास असा होता. सकाळी लिंगपूजा केली की दिवसभर त्यांना कशाची शंका यायची नाही.

आणि गाडी लागली. गेल्या महिन्यात. प्रवासी विमानाची नाही, मालाच्या विमानाची. देशातली मोठी कंपनी, नुसता माल वाहणारी. महेश मुंबईला मुलाखत देऊन आला. मी त्या दिवशी ऑफिसातच होतो. दाजींनी त्याला बसूही दिलं नाही. "काय काय विचारलं, सगळं सांग."

महेश सांगायला लागला. समोर एक वयस्क कॅप्टन होते. त्यांनी सरळ विचारलं, "प्रवासी कंपन्यांनी घेतलं नाही म्हणून इकडं आलास ना?"

हा म्हणाला, "हो सर. आधी तिकडंच गेलो होतो."

दाजी म्हणाले, "बरं केलंस. पुढं?"

पुढं कॅप्टननी विचारलं, "विमान भरून झालंय. माल नीट बांधला म्हणून कागदावर सही आहे. आधीच उशीर झालाय, बाहेर पाऊस आहे. तू काय करशील?"

महेश म्हणाला, "खाली उतरून एकदा माल बघून येईन."

"सही आहे ना कागदावर?"

"सर, सही आमच्याकडंही असते. तरी माझे वडील फाळक्यावर थाप मारल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. माल दाबून बसला असला की आवाज भरीव येतो. सरकलेला असला की पोकळ येतो."

कॅप्टन हसायला लागले. म्हणाले, "ठीक आहे. पण आमच्या विमानाला थाप मारू नकोस."

हे ऐकल्यावर दाजींचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. त्यांनी विचारलं, "मग काय मारायचं म्हणाले?"

"टॉर्च मारून बघायचं, अप्पा. पट्टे, जाळी, कुलपं."

"तेच की रे मग!" दाजी म्हणाले. "आमच्या वेळी आपल्याकडं एवढा मोठा टॉर्च कुठं होता."

निवड झाल्याचा फोन ऑफिसशेजारच्या एसटीडी बूथवर आला. बूथवाला ओरडत आला, "अप्पा, पोरगं लागलं!" चौकात पेढे वाटले. धाब्यावर कुणीतरी टोमणा मारलाच. "अप्पा, लई शिकवलं, लई खर्च केला, शेवटी ट्रकवाल्याचं पोरगं ट्रकवालंच झालं की! माणसं न्हाई, खोकी न्यायची."

दाजींनी त्यालाच दुसरा पेढा दिला. म्हणाले, "माझ्याच लायनीत आलं. फक्त त्याच्या वाटेत खड्डे न्हाईत." आणि मग म्हणाले, "अन् माणूस बसायच्या आधी चौकशी करतो, भांडतो, उतरून जातो. माल बिचारा काही बोलत न्हाई. जो आपल्यावर एवढा विसंबतो, त्याला हलकं म्हणू नये."

मंडळी, आता अवघड गोष्ट सांगतो.

महेशला उद्या, सोमवारी सकाळी, मुंबईत हजर व्हायचं आहे. त्याच्या तुकडीचं शिक्षण उद्या सुरू होतं. मांजरसुंब्याहून मुंबईची गाडी आज संध्याकाळी आहे. परवा त्यानं बूथवरून कंपनीला फोन केला, घरात असं घडलंय, थोडी सवलत द्या म्हणाला. पलीकडचा माणूस भला होता. त्यानं दुःख व्यक्त केलं. पण म्हणाला, ही तुकडी थांबणार नाही, आणि पुढची कधी निघेल ते मला सांगता येत नाही.

आणि आपल्यात बोलणं काय चाललंय? बाप जाऊन आठवडा झाला नाही, एकुलत्या एकानं घर सोडायचं कसं? तेरा दिवस तरी बसायला नको का? अण्णा, तुम्हीही हेच म्हणालात. तुम्ही दाजींचे थोरले भाऊ, घरातले मोठे. तुमच्या शब्दापुढं महेश जाणार नाही. काल तो मला म्हणाला, "मामा, मी जात न्हाई. अण्णा म्हणतील तसं." वर बघत नव्हता बोलताना.

अण्णा, मी तुमच्यापेक्षा लहान आहे. तुम्हाला उलट बोलायची माझी पात्रता नाही, आणि मी उलट बोलणारही नाही. मी तुमचीच एक गोष्ट तुम्हाला सांगणार आहे.

तुमच्या आई गेल्या तेव्हाची. दिवस सीताफळांचे होते. पालीच्या बाजूच्या डोंगरातली सीताफळं भरून रशीदभाईंची गाडी हैदराबादला निघायची होती. सीताफळ दम धरत नाही, हे इथं कुणाला सांगायला नको. आईंना समाधी देऊन तुम्ही दोघं भाऊ ओट्यावर बसला होता. रशीदभाई आले आणि नुसते दाराशी उभे राहिले. थाप मिळाल्याशिवाय गाडी हलत नव्हती, आणि थाप मागायची तरी कशी, घरात असं असताना. दाजीही उठेनात. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, अण्णा?

तुम्ही म्हणालात, "ऊठ. ज्याच्या गळ्यात लिंग हाय त्याला सुतक न्हाई. गाडीत पाच-सात घरांचा माल हाय. आई असती तर तिनंच तुला उठवला असता. जा, थाप मारून ये."

दाजी उठले. पायांवरची माती तशीच होती. गेले, चक्कर मारली, थाप मारली. गाव बोललं. बोलू दिलं तुम्ही. ही गोष्ट मला दाजींनी किती वेळा सांगितली असेल! आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायचे, "त्या दिवशी अण्णांनी मला उठवला. न्हाईतर मी तिथंच बसून राहिलो असतो."

अण्णा, आज दाराशी कोण उभं आहे, आणि ओट्यावर कोण बसलंय?

मला कळतं, तुम्ही लोकांना भीत नाही. तुम्ही धाकटा भाऊ गमावलाय. महेशही नजरेआड झाला तर त्या घरात बघायचं कुणाकडं, हे तुमच्या पोटात आहे. ते माझ्याही पोटात आहे. पण माझी आक्का बघा. बुधवारपासून तिनं कुणाला काही सांगितलं नाही. जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. आज सकाळी मी घरी गेलो तर देवघराशेजारी महेशची बॅग भरून ठेवलेली दिसली. महेशनं भरली नव्हती. त्यानं मला विचारलं, "मामा, ही कुणी भरली?" मी उघडून बघितली. घडी घातलेले शर्ट, शेंगदाण्याची चटणी, आणि दाजींच्या पूजेतली विभूतीची डबी.

तिचं बोलणं तेवढंच आहे. मला ते पुरेसं वाटलं.

आक्काकडं मी आहे. नेकनूर काही लांब नाही. समाधीवर रोज दिवा लागेल, जंगमस्वामी पूजेला येतील, सगळं रीतीनं होईल. महेशनं काय करायचं? त्यानं बापाचं काम करायचं. विमान भरलं की खाली उतरायचं, टॉर्च मारायचा, एकेक पट्टा ओढून बघायचा, आणि मगच वर चढायचं. आमच्या घरात बापाची सेवा अशीच करतात.

एकच गोष्ट राहते. निवडीचा फोन आला त्या दिवशी दाजी महेशला म्हणाले होते, "तू निघशील त्या दिवशी मी स्वतः येणार. तुझ्या पाठीवर थाप मारल्याबिगर गाडी हलू देणार न्हाई." मंडळी, हेच ते राहिलेलं काम. ते मी करू शकत नाही. मी मामा. त्या थापेचा मान दाजींच्या घरचा आहे.

महेश, ऊठ. इथं पुढं ये, बापाच्या फोटोसमोर उभा राहा. बॅग रशीदभाईंच्या गाडीत ठेवली आहे. चौकापर्यंत तेच सोडणार आहेत, दुसऱ्या कुणाला ते सोडू देणार नाहीत.

आता आपण सगळे उभे राहू. दाजींसाठी शांत उभे राहू. डोळे मिटा, मनात शिवाचं नाव घ्या, ज्याचा जो देव असेल त्याचं घ्या. ही शांतता किती वेळाची, ते मी सांगणार नाही. संपली असंही मी म्हणणार नाही.

अण्णा, महेश तुमच्याकडं पाठ करून उभा आहे. तुमच्या हाताच्या दोन थापा ऐकू आल्या, की आम्ही समजू.

दाजी, शरणू शरणार्थी.