गिझरला पक्की भिंत

नारपोलीच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या जनाबाईंचे कान शेजारच्या सासूसुनेकडेच लागले होते.

"मोरीची भिंत पत्र्याची हाय, आई. गिझर तुमच्या खाटेच्या वरच लावावा लागेल."

"लाव की! फुटला तर झोपल्या जागी आंघोळ होईल."

"तसं न्हाय. तुमची खाट पडवीत टाकू."

"पडवीत कशाला? अकलोलीच्या कुंडावरच नेऊन टाक मला, तिथं गरम पाणी फुकट हाय."

"अहो, गिझर तुमच्याच गुडघ्यांसाठी घेतलाय!"

"म्हणजे गिझर घरात आणि गुडघे बाहेर. वा गं दिपाली!"

"मग दुसरी पक्की भिंत हाय कुठं?"

"तुझ्या कपाटामागं."

"ते माझ्या माहेरचं कपाट हाय!"

"मग तेच ठेव की पडवीत. आल्यागेल्याला तुझं माहेर दिसेल."