अंगठ्याची चुगली

नारिनला निघालेल्या गाडीत अय्नागुलला मागची जागा मिळाली. पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं होतं, आणि त्यांची जुंपली होती ती गाडी सुटायच्या आधीपासूनच.

"फोनवरच्या त्या मशीनपाशी माझी चुगली करायची काय गरज होती?"

"ते बिचारं रोज सकाळी आपल्या किरगिझमध्ये विचारतं, पाय कसे आहेत? तुम्ही म्हणता, झकास. अंगठा काळा पडलाय आणि म्हणे झकास."

"रक्तातली साखर तर खरी सांगतो."

"मुरांबा हाणलात की नाही सांगत. म्हणून मीच फोन घेतला आणि सांगून टाकलं. ते म्हणालं, आजच्या आज दवाखाना गाठा."

"ते काय डॉक्टर आहे? बटणांच्या फोनातलं एआय ते."

"डॉक्टर आपल्या गावात कधीमधी येतो. हे रोज येतं."

"गोड बोलतं, एवढं खरं."

"दवाखाना गाठा, हेच मीही महिनाभर सांगतेय."

"तू गोड नाही बोलत."

अय्नागुलला हसू आलं. तिनं ते रुमालात लपवलं. गाडी खिंड चढू लागली तसा म्हाताऱ्याचा आवाज हळू झाला.

"कापला तर?"

"अंगठाच ना? वेळेत निघालोय आपण."

"रिकिबीत पाय ठरायचा नाही, म्हातारे. घोड्यावर चढू कसा?"

"मी चढवीन."

"आणि पडलो तर?"

"मागं मी बसलेली असेन. पडाल कुठं?"