थांबा साहेब, इंजेक्शन राहिलं!

अबे, हसू नका, खरंच सांगून राहिलो! भंडाऱ्याले माह्या हर्नियाचं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी वार्डातल्या सिस्टरनं सांगतलं, "काका, जखम पिकू नये म्हणून चिरा द्यायच्या आधी एक इंजेक्शन देतात."

टेबलावर मले कमरेतून भूल देली. कमरेखाली काहीच समजे ना, पण डोकं पुरं जागं! तेवढ्यात पडद्यापल्याड डॉक्टर म्हणाले, "चला, ब्लेड द्या."

मी बोंबललो ना! "थांबा साहेब! माह्यं इंजेक्शन राहिलं! पेरणी झाल्यावर बियाण्याले औषध लावून काय फायदा?"

तिथल्या सिस्टरनं कागद पाहिला, इंजेक्शन खरंच राहिलं होतं! वार्डवाल्याइले वाटलं टेबलावर देतीन, टेबलवाल्याइले वाटलं वार्डात देलं! डॉक्टरनं ब्लेड खाली ठेवलं, इंजेक्शन देऊ देलं, मंगच चिरा मारला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर राऊंडले आले. मी छाती फुगवून म्हणलो, "साहेब, आता चार-पाच दिवस तेच इंजेक्शन चालू ठेवा, जखम लवकर भरंन."

डॉक्टर साऱ्या वार्डाले आयकू जाईन असं म्हणाले, "काका, धान उगवल्यावर बियाण्याचं औषध कायले मागता?"