पूर कुठवर येते

माहं माहेर आता पान्याखाली हाय. हसू नका, खरंच सांगून राह्यली, घर, विहीर, विहाराचा ओटा, सारं धरनात गेलं. मी लहान होती तवा चार मानसं गावात आली होती, धुतल्या कपड्याचे, हसून बोलनारे, माह्या मायच्या हातची भाकर अन् ठेचा खाल्ला त्यायनं, अन् माह्या बापाले इचारलं, दादा, पूर कुठवर येते? माहा बाप साधा मानूस, साहेब आपल्याले दादा म्हनून राह्यला याचाच त्याले आनंद, त्यानं हात धरून नेलं अन् दाखवलं, या उंबराले टेकते, एका साली तं पार वर गेलं होतं. सारं सांगितलं. मंग मोजनीच्या झेंड्या लागल्या, मंग नोटीस आली, मंग गाव उठलं. आमी मजूर मानसं, नावानं जमीन नाई, तं आमाले काई भेटलंई नाई. तवापासून काय सांगू तुमाले, कोनी गोड बोललं का त्याच्या हातात कागद हाय का थे मी पयले पाहतो.

लगन होऊन मी इकडं आली, सौंसर तालुक्यात, मोहगावच्या अल्याड. माहा सासरा जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबला अन् नाल्याच्या काठी एक तुकडा केला त्यानं. खानदानात पयली जमीन. वरतं पऱ्हाटी, खाली संत्र्याची झाडं, मंग नाला. नाला म्हनजे टेकडीतून निंगते अन् लगेच नदीले भेटते, इतकुसाच, उन्हायात गोटेच गोटे, पन वरतं पाऊस पडला का असा माजते, काया दगडावरून धडाधड उड्या घेते, पांढराफटक फेस, दोन्ही आंगानं सागाची झाडं वाकलेली, पाहतच राहावं. पाऊस थांबला का उतरते. त्या पुरात आमचे हे लाकडं धरत. वरून ओंडके वाहून येत, दोराले आकडी बांधून फेकायची, अडकली का ओढायचं, सालभराचं सरपन होई. आमच्या ह्यायचा हात कधी चुकला नाई, बायको हाय म्हनून नाई सांगून राह्यली.

तं ऐंशीनंतरची गोष्ट असंल, साल नाई याद. पावसायात जीप आली, वरतं लाल डोंगी बांधलेली, दोन्ही तोंडानं निमुयती, मधात एक भोक. नागपूरकडचे पोट्टे उतरले. त्यातला एक लंबू, चष्मेवाला, वावराच्या धुऱ्यावर आला, मी निंदून राह्यली होती, अन् काय म्हनावं त्यानं? मावशी, या नाल्याला पूर कुठपर्यंत येतो? माहं खुरपं हातातच राह्यलं. मी म्हनलं, कायचा पूर बापा, इथी तं बकरीचे खूर ओले होत नाई. थो हसला, म्हने वरच्या गावात तर सांगतात खूप पाणी येतं. मी म्हनलं, मंग त्यायलेच इचार.

गावात नुसती कुजबुज. कोनी म्हने सोनं शोधून राह्यले, कोनी म्हने मूर्तिचोर हायेत, एक म्हातारी म्हने पोलिस हायेत भेस बदलून. टपरीवर कोनी त्यायले चहा देई ना. मी म्हनलं, सोनं नाई न मूर्ती नाई, हे धरन हाय. त्यायनं नाल्यात काठी बुडवून पाहिली, दगडावर चुन्यानं फुल्या मारल्या, माह्या डोयानं पाहिलं मी. ह्यायले म्हनलं, वावर जाते आपलं. हे म्हने, तुले सपनातई धरनच दिसते. पन जेवन ह्यायलेई गेलं नाई.

दुसऱ्या दिवशी वरतं जोराचा पाऊस झाला. नाला गरजाले लागला, हे आकडी घेऊन काठावर, अन् मी त्या पोट्ट्यायच्या मागं मागं, झाडाच्या आडून. पाहतो तं काय, लंबूनं कमरेले रबराचा घागरा घातला, डोक्शावर टोप, डोंगीच्या भोकात बसला अन् घागऱ्याची कोर भोकाले घट्ट बसवली, जसा काई डोंगीलेच शिवला त्याले. अन् सुटला. एकाच वल्ह्याले दोन्हीकून पाती, इकडं मार, तिकडं मार, दगडायच्या मधातून सरसर, उंचावरून खाली, फेसात गडप, परत वर. खोटं कायले बोलू, माहा संशय घटकाभर कुठी गेला मलेच समजलं नाई, लय सुंदर दिसून राह्यलं होतं. अन् पलटी! मानूस खाली, वर नुसतं डोंगीचं लाल बूड. मी बोंबलली, मेला वं माय, मेला! ह्यायनं आकडी फेकली, डोंगीच्या दोरीले अडकली, अन् ओंडका ओढाव तसं खस्सकन काठाले आनलं.

थो घागरा सोडून बाहेर निंगाला, कपायातून रगत, अन् ह्यायच्यावरच भडकला. म्हने अहो दादा, मी सरळ होतच होतो, पाण्यातल्या पाण्यात वल्हं मारून वर यायचं असतं, तुम्ही ओढलं म्हणून डोकं आपटलं माझं. हे बिचारे दोर हातात धरून उभे. म्हने साहेब, आमच्या इथी पुरात पालथा झालेला मानूस आपल्या मनानं सीधा होत नाई.

मी पुढं झाली. म्हनलं, डोंगी दाखव. आतमंदी हात घालून चाचपलं, वाटलं मोजनीची साखयी निंगन, फीत निंगन, झेंड्या निंगतीन. निंगाला एक स्पंजाचा तुकडा अन् भिजलेला चिवडा. म्हनलं, मंग फुल्या कायच्या? म्हने कोणत्या दगडाच्या कोणत्या बाजूने जायचं ते कळावं म्हणून. अन् पूर काहून इचारला? म्हने पाणी कमी असलं तर नाव फुटते, मावशी. मी म्हनलं, खोटं बोलून राह्यला तू, माह्या बापालेई असंच इचारलं होतं. अन् मंग सारं सांगितलं त्याले, माहेराचं, बापाचं, रडून रडून, पावसात उभी राहून. थो चिखलातच बसला. हयूच म्हने, मावशी, धरण झालं तर आमचाही नाला मेला. आम्हाला वाहतंच पाणी लागतं.

गोष्ट पटली. पन इश्वास नाई ठेवला मी. जखमेले हयद लावली, चुलीजवय बसवलं, भाकर वाढली, अन् खाऊन होईतवर त्याच्या तोंडाकडं पाहत राह्यली. माह्या मायनं पाहिलं नव्हतं तसं.

पुढं काई वर्सं थे येत. दरखेपी मी काठावर उभी, फुल्याच मारते का झेंडीई लावते म्हनून. मंग येनं बंद झालं. वाटलं, बरं झालं, पीडा गेली. पन दोन पावसाये त्यायच्याबिगर गेले तवा मले चैन पडे ना. म्हनलं, काहून येत नाई थे पोट्टे? वाहतं पानी पायजे म्हनत होते, मंग आपल्याले नाई माहीत असं काई त्यायले समजलं काय?

आता आमचे हे नाई राह्यले. वावर अजून हाय, पोरगा पाहते. पाऊस आला का मी जाऊन पाहून येतो, नाला वाहून राह्यला का नाई. तुमी संत्रं घ्या ना, लाजू नका. चांगले मानूस दिसता तुमी, मावशी म्हनून राह्यले, मांडी घालून बसले, इतकं ऐकून कागदावर लिहून घेतलं. तुमचं भलं होवो, लेकरंबायं सुखात राहो. पन थ्या कागदावर माह्या गावाचं नाव लिहिलं असंल तं खोडा. नाई, घरी जाऊन नोको. इथीच खोडा, माह्यासमोर.